साडेनऊ फूट

रविवार, ५ जानेवारी २०२५

ही डायरी माझ्या मुलीनं, अल्फियानं मागच्या वर्षी दिली होती, प्रेशरची गोळी घेतली की नाही ते रोज लिहायला. आठ दिवस लिहिलं आणि सोडून दिलं. तारखा जुन्या छापलेल्या आहेत, त्या खोडून वर नव्या घालतो आहे. दुकान एक ते चार बंद असतं, तेव्हाच लिहीन.

कारण असं झालं. सकाळी नासिर आला. नासिर म्हणजे माझा अर्बाब, मालक. खरा अर्बाब त्याचा बाप हमूद. ते वारले त्याला येत्या शाबान महिन्यात एक वर्ष होईल. ही चार दुकानं, ज्यातल्या एकात मी शिवणकाम करतो, आता वारसांच्या नावावर करायची आहेत. जुना कागद हातानं लिहिलेला आहे, हमूदच्या वडिलांच्या वेळचा. त्यात पूर्वेची हद्द अशी लिहिली आहे: ‘रशीदच्या बागेची भिंत’. जमीन नोंदणीच्या कचेरीनं विचारलं, भिंत कुठाय? मागं जी सिमेंटची भिंत आहे तीच, असं नासिर म्हणतो. शेजारचा सालिम, रशीदचा मुलगा, म्हणतो की ही भिंत नंतरची, जुनी मातीची होती आणि ती दुकानांच्या बरीच जवळ होती. ह्यावर तीस वर्षं दोन घरांत बोलणं नाही. आता कचेरीनं सांगितलं आहे की दोन्ही घरांबाहेरचा, जुनी भिंत पाहिलेला माणूस आणा. तो जागेवर दाखवील ती हद्द दोघांनी मान्य करायची, म्हणजे नोंद होईल.

गवंडी बलुची होते, ते केव्हाच गेले. शेजारचे दुकानदार बदलले. उरलो मी. मोजणी फेब्रुवारीत आहे.

लोक आता माझ्याशी बोलत राहतील, म्हणून कुणाशी बोलायच्या आधी मला जे आठवतं ते इथं लिहून ठेवतो.

मी ओमानमध्ये, ह्या इब्रा गावात, १९८९ ला आलो. तेव्हा दुकान म्हणजे पुढची एकच खोली. मागं दार, दाराला दगडी उंबरा. उंबऱ्यापलीकडे मोकळी जागा आणि मग मातीची भिंत, छातीइतकी उंच. भिंतीपलीकडे सालिमची बाग आणि भिंतीला लागूनच एक मोठं बोरीचं झाड. १९९३ च्या उन्हाळ्यात त्या मोकळ्या जागेवर मी कॅनव्हासचा मांडव घातला. स्वतः शिवला. उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत साडेनऊ फूट. दोऱ्या ओवायला दोन्हीकडे चार-चार बोटं जास्त धरली होती. पुढच्या वर्षी हमूदनी भिंत पाडली, झाड तोडलं आणि मागं खोल्या बांधल्या. सालिम तेव्हा अबूधाबीला फौजेत होता. घरी त्याची आई एकटी. मी गवंड्यांना पाणी देत होतो. माझ्या मनात आलं होतं, की भिंत पुढं सरकली. बोललो नाही. मागची खोली मलाच मिळणार होती, न्हाणीघरासकट.

हे लिहिलं. आता कुणी काही सांगो.

बुधवार, ८ जानेवारी

बुधवार म्हणजे बायकांचा बाजार. उम्म नासिर, म्हणजे नासिरची आई, बाजारातून परतताना दुकानात बसली. पूर्वी कधी बसायची नाही, नवरा गेल्यापासून दोनदा-तीनदा आली. मी कावा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, करून दिला. तिनं एक पुडी काढून दाखवली. बोरीच्या पाल्याची पूड, केस धुवायला. म्हणाली, पुडीतली चांगली नसते. पूर्वी ती पाला ताजा घ्यायची, सालिमच्या आईकडून. भिंतीवरून हाक मारायची, ती फांदी वाकवून धरायची आणि ही तोडून घ्यायची. न विचारता कधी एक पान घेतलं नाही, असं दोनदा म्हणाली. मग माझ्याकडं बघत बसली.

म्हातारपणी माणसाला अशा बारीकसारीक गोष्टी फार आठवतात. आमच्या आईचं तेच होतं. मी म्हटलं, गावाहून येताना तुमच्यासाठी शिकेकाई आणतो. ती ‘बरं’ म्हणाली आणि उठली.

जाताना आणखी एक सांगितलं. शेवटच्या दुखण्यात हमूदनी खाट हलवून घेतली होती, सालिमच्या बागेकडच्या खिडकीपासून दूर. त्या बाजूनं सकाळचं ऊन येतं. आजारी माणसाला डोळ्यांवर ऊन नको वाटतं.

शुक्रवार, १० जानेवारी

जुम्म्यानंतर नासिर मला मस्कतला घेऊन गेला. त्याचं तिकडं काम होतं, म्हणाला चल, मुलीला भेट. छत्तीस वर्षांत ह्या घराच्या गाडीत पुढच्या सीटवर मी आजच बसलो. वाटेत त्यानं माझ्यासाठी थांबून चहा घेतला. पोरगा बापावर गेला आहे.

बापाबद्दलच बोलत होता. हमूद त्याला लहानपणी सांगायचे म्हणे, भिंत जिथल्या तिथंच आहे, फक्त माती काढून ब्लॉक लावले. मी ‘हं, हं’ केलं. मोजणी झाली की कागद होईल, मग दुकानांचं छप्पर नवं करू, तुला एसी बसवून देतो, म्हणाला. तू आहेस तोवर दुकान तुझंच.

अल्फियाचं घर अझैबाला, तिसऱ्या माळ्यावर. अफशीन आठ वर्षांची झाली. तिनं विचारलं, “नाना, तुम्ही कोर्टमध्ये जाणार? लाय बोललं तर जेल?” अल्फियानं तिला मराठीत विचार म्हणून दटावलं. मी म्हटलं कोर्ट नाही, फक्त बोट दाखवायचं आहे. ती म्हणाली, “मग इझी आहे.”

जावई नुमान काळजीत होता. त्याचं म्हणणं, दोन इथल्या माणसांच्या मधे बाहेरच्यानं पडू नये. “अब्बा, सांगा काही आठवत नाही. साठीच्या माणसाला कोण काय म्हणणार?” तसं सांगता येईल. पण मग नोंद अडून राहील आणि नासिरला वाईट वाटेल. परतताना नासिरनं खलास जातीच्या खजुराचा एक डबा दिला, अल्फियालाही एक दिला होता.

मंगळवार, १४ जानेवारी

सालिम आला. इतक्या वर्षांत त्यानं एक दिशदाशा, म्हणजे इथला पायघोळ झगा, माझ्याकडं शिवायला टाकलेली नाही, अंगात घालतो ती पलीकडच्या बाजारातली, खांद्यात ढगळ. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. ‘आत या’ म्हटलं तर आला नाही.

म्हणाला, “मी तुला काही सांगायला आलो नाही. तू जे पाहिलंस ते सांग.”

मी विचारलं, जागा तुमची निघाली तर काय करणार? म्हणाला, मागच्या खोल्या पाडीन आणि भिंत जिथं होती तिथं बांधीन. माझी आई जिवंत आहे, तिला दिसत नाही, पण हात लावून बघेल. मग निघून गेला. एक गोड शब्द नाही. माणसानं निदान चहा तरी घ्यावा. मी मागं राहतो हे त्याला माहीत आहे. तरी ‘पाडीन’ म्हणताना जराही अडखळला नाही.

त्याची आई नव्वदीच्या घरात असेल. ती आणि उम्म नासिर दोघींनी भिंत पाहिलेली, पण घरच्यांचं बोलणं कचेरी धरत नाही.

रविवार, १९ जानेवारी

रमजान आणि ईदची कामं आतापासून यायला लागली. एकवीस दिशदाशा कापायच्या आहेत. नासिरच्या घरून दुपारचं जेवण येतं आहे तीन दिवस, मटण आणि भात. कामाच्या दिवसांत स्वयंपाकाचा वेळ वाचला. त्यांची मोलकरीण डबा आणते तेव्हा सांगते, नासिरनं पाठवलाय. उम्म नासिरनं पाठवलाय असं म्हणत नाही. एवढं मोठं घर, आता तोच सगळं बघतो.

बुधवार, २२ जानेवारी

उम्म नासिर आज मागची खोली बघायची म्हणाली. खोली पसरलेली, चुलीवर भांडं तसंच. मला संकोच वाटला. ती खाटेपाशी उभी राहिली. तिथं जमीन थोडी खचली आहे, दोनदा सिमेंट भरलं तरी खचते. तिनं चपलेच्या टोकानं दाबून बघितलं. मग विचारलं, “सादिक, हमूदनी ह्या खोलीत कधी नमाज पढलेली तू पाहिलीस?”

मी आठवून बघितलं. नाही. दुकानात हिशेब बघत बसले असले आणि अजान झाली तर उठून मशिदीत जायचे. शेवटी शेवटी पाय सुजायचे तरी काठी घेऊन जायचे. एकदा जूनमधल्या उन्हात मी म्हटलं होतं, मागं गारवा आहे, चटई घालून देतो. तर म्हणाले, नको, इथं नको. मी उम्म नासिरला हे सगळं सांगितलं, म्हणजे तिला बरं वाटेल. असा मशिदीचा ओढा हल्ली कुणाला असतो?

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याची आठवण निघाली, साहजिक आहे. मी विषय बदलला आणि नासिर किती काळजी घेतो ते सांगितलं, मस्कतला नेलं, जेवण पाठवतो. ती बुरखा सारखा करून निघून गेली, बोरीच्या पाल्याची पुडी बाकावरच विसरली.

रविवार, २६ जानेवारी

नासिरबरोबर कचेरीत जाऊन आलो, तारीख कळली: सोमवार, ३ फेब्रुवारी, सकाळी दहा. मोजणीदार, कचेरीतला एक अधिकारी, नासिर, सालिम आणि मी. बाहेर आल्यावर नासिरनं कसं सांगायचं ते समजावलं. लांबण लावायची नाही. भिंतीला हात लावायचा आणि म्हणायचं, हीच ती, माती काढून ब्लॉक लावले.

आता विचार करतो तर मलाही तसंच दिसतं. गवंडी मातीची ढेकळं काढताहेत आणि त्याच पायावर ब्लॉक चढवताहेत. पाया तोच. झाड भिंतीच्या अलीकडे होतं, आमच्या बाजूला, म्हणून तर हमूदनी तोडलं. दुसऱ्याचं झाड ते कशाला तोडतील? तसला माणूस नव्हता तो. १९९७ मध्ये मला टायफॉइड झाला तर स्वतः गाडीत घालून इस्पितळात नेलं आणि रोज बघायला यायचे.

सालिमची आठवण चुकीची असणार. तो तर इथं नव्हताच.

मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं आहे. आज कामही भराभर झालं.

मंगळवार, २८ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहितो.

मोजणीची तारीख कुठं टिपली ते बघायला डायरी उघडली आणि पानं मागं गेली. ५ जानेवारी वाचलं. माझंच अक्षर. मातीची भिंत, साडेनऊ फूट, बोरीचं झाड पलीकडे. खाली लिहिलंय: भिंत पुढं सरकली, बोललो नाही.

मी खुर्चीत बसलो. तीन आठवड्यांपूर्वी जे मला दिसत होतं ते परवा पुसलं गेलं होतं, आणि मी पुसलं नव्हतं. खोटं बोलायचं असं मी एकदाही ठरवलं नाही. तरी सोमवारी मी भिंतीला हात लावून शपथेवर खोटं बोललो असतो, आणि मला ते खरंच वाटलं असतं. ह्याचं मला फार भय वाटलं. प्रेशर बघितलं, एकशे साठ.

मग दार लावून टेप घेतली. दुकानाची जुनी मागची भिंत हमूदनी काढली, पण उंबऱ्याचा दगड जमिनीत तसाच आहे, पुढचं दुकान आणि मागची खोली यांच्या मधे. टेपचं टोक तिथं धरलं आणि साडेनऊ फूट मोजले. टेप माझ्या खाटेच्या मधोमध आली. म्हणजे तीस वर्षं मी डोकं हमूदच्या जागेत आणि पाय सालिमच्या जागेत ठेवून झोपतो आहे. जमीन खचते ती त्याच्यापुढं हातभर. खाली झाडाचं बूड कुजत असणार. मातीच भुसभुशीत आहे, असं हमूद म्हणायचे, आणि मी मान डोलवायचो.

मग हमूदचं ते ‘इथं नको’ आठवलं. जून महिन्यातलं ऊन आठवलं. ते का मशिदीत जायचे ते आज कळलं, मला असं वाटतं. बळकावलेल्या जागेवर पढलेली नमाज कबूल होत नाही. बिचाऱ्या उम्म नासिरला यातलं काही माहीत नसणार. तिला कळलं तर तिच्या मनातला नवरा कुठल्या कुठं पडेल. हेच मला सगळ्यात जड जातं आहे.

बायकोला, गुलबानूला फोन केला. ती गावी, हर्णैला. सगळं सांगितलं. नासिर रागावला तर माझे व्हिसाचे कागद त्याच्या हातात आहेत, तेही सांगितलं. ती मग म्हणाली, “काय तां खरां सांगा नि मोकळं व्हा. घर हाय आपल्याला.”

शनिवार, १ फेब्रुवारी

नासिर आला होता, गुलाबपाण्याची बाटली घेऊन. त्याला आजच सांगून टाकावं असं ठरवलं होतं. ‘नासिर’ एवढं म्हणालो. त्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला आणि तसाच गाडीत बसून निघाला. मी थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. भेकडपणा.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दहा वाजता सगळे आले. अधिकारी तिशीतला, मृदू बोलणारा. मोजणीदारानं यंत्राची तिपाई रस्त्यावर लावली. सालिम आजही उंबऱ्याबाहेर उभा होता. अधिकाऱ्यानं सांगितलं तेव्हा आत आला, हात पाठीमागं बांधून.

अधिकाऱ्यानं नाव विचारलं. सादिक बिन इब्राहिम, म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, नावाचा अर्थ माहीत आहे ना? माहीत आहे, म्हटलं. खरं बोलणारा. मग तो म्हणाला, दाखवा.

नासिर मागच्या भिंतीकडे दोन पावलं गेला, माझ्यासाठी वाट मोकळी करून. मी तिकडं गेलो नाही. खाटेचं अंथरूण गुंडाळलं, खाट कडेला घेतली आणि टेपचं टोक उंबऱ्यावर धरायला मोजणीदाराच्या माणसाला सांगितलं. साडेनऊ फुटांवर खडूनं रेघ मारली. कापडावर मारायचा खडू, खिशात तोच होता.

“इथं,” मी म्हणालो. “मातीची होती. झाड पलीकडे.”

मोजणीदारानं कागदावर आकडा घातला. अधिकाऱ्यानं विचारलं, तीस वर्षांपूर्वीचं अर्ध्या फुटापर्यंत कसं आठवतं?

“मी शिंपी आहे,” मी म्हणालो. “माणसं विसरतो. मापं विसरत नाही.” मग वाटलं, हे पुरं खरं नाही. म्हणून पुढचंही सांगितलं. आठ दिवसांपूर्वी मला उलटं आठवत होतं, ती भिंत हीच असं. पण आधी लिहून ठेवलं होतं ते वाचलं.

त्यानं डायरी मागितली. अक्षरं बघून म्हणाला, ही हिंदी का? मराठी, म्हटलं. वाच म्हणाला. मी उभ्यानं वाचलं, आधी मराठीत आणि मग अरबीत सांगितलं. ‘बोललो नाही’ हे आलं तेव्हा थांबावंसं वाटलं. वाचलं. मागची खोली मलाच मिळणार होती, हेही वाचलं. सालिम जमिनीकडे बघत होता. नासिर माझ्याकडे.

अधिकाऱ्यानं त्या पानाचा फोटो काढून घेतला, नासिरला विचारलं, मान्य आहे का? त्यानं कागद दूर सारला तर प्रकरण कोर्टात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नासिरनं फार वेळ घेतला. मग सही केली. सालिमनं केली. मीही केली, इंग्रजीत.

जाताना नासिर माझ्याजवळ थांबला. आवाज चढवला नाही. “माझ्या बापानं तुला घरच्यासारखं ठेवलं,” एवढंच म्हणाला.

मी म्हणालो, “हो. ठेवलं.”

मग खाट पुन्हा जागेवर ओढली आणि अंथरूण घातलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

जेवण यायचं बंद झालं. बरोबरच आहे. डाळ-भात लावतो.

सालिमचा निरोप आला, ईदनंतर एक महिना थांबेन, मग खोल्या पाडणार. आभार वगैरे काही नाही. नासिरनं फोनवर कळवलं, पुढचं दुकान राहील, राहायचं तू बघ. दुसरं कुणी असतं तर दुकानही काढून घेतलं असतं. पण न्हाणीघर नाही, चूल नाही, अशा जागेत ह्या वयात कसं राहायचं? इब्रात एकट्या माणसाला खोली मिळते, पण मग रोज सकाळी दुकान उघडताना नासिरचं तोंड बघायचं. त्याचंही मला बघायचं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बाजाराचा दिवस. उम्म नासिर समोरच्या रस्त्यानं गेली. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिलो. सुईत दोरा नव्हता. परतताना ती दुकानासमोर थोडी थांबल्यासारखी वाटली, पण मी वर बघितलंच नाही. तिला कुठल्या तोंडानं बघू? तिच्या नवऱ्याचं नाव मी कचेरीच्या कागदावर नेऊन ठेवलं. ती माझ्याकडे यायची ती आठवणी काढायला, मन हलकं करायला. आता तीही जागा तिला उरली नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नोंद झाली. कचेरीत बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून पुन्हा एक सही हवी होती. दोन नव्या मुल्किया, म्हणजे मालकीचे दाखले, निघाल्या, एक हमूदच्या वारसांची, एक सालिमची. दोन्हीला नकाशा जोडलेला. अधिकाऱ्यानं नकाशावर बोट ठेवून दाखवलं: सरळ, बारीक रेघ. एवढीशी. हिच्यासाठी तीस वर्षं. हद्द दाखवणाऱ्याचं नाव फाइलमध्ये राहतं, तेही त्यानं दाखवलं, अरबीत लिहिलेलं. सादिक बिन इब्राहिम, भारतीय, शिंपी. बघून विशेष काही वाटलं नाही. बाहेर आल्यावर थोडं वाटलं.

नुमाननं मस्कतच्या घाला भागात एका कारखान्यात बोलून ठेवलं आहे, कंपन्यांचे युनिफॉर्म शिवतात. एकच माप, पाचशे नग. अल्फियाकडे राहायचं. नोकरी बदलायच्या कागदावर नासिरची सही लागत होती. घाबरतच गेलो. त्यानं कागद वाचला, सही केली, शिक्का मारला. वर बघितलं नाही. मी वळलो तेव्हा म्हणाला, “आईनं काही सांगितलं होतं का तुला?”

मी म्हणालो, नाही, काहीच नाही. अल्लाची शपथ. ती फक्त तुझ्या वडिलांच्या आठवणी काढायची.

तो माझ्याकडे विचित्र बघत राहिला. मग म्हणाला, “जा.”

तिला का मधे ओढतो आहे, कळत नाही. म्हातारीवर संशय घेऊ नये माणसानं.

रविवार, २३ फेब्रुवारी

कामाची गर्दी. एकोणसाठ दिशदाशा झाल्या, तेरा उरल्या. सालिमनं एक टाकली. माणूस पाठवला होता, बरोबर जुनी मापाला दिलेली. जुनीचं माप मी घेतलं नाही, खांदा चुकीचा आहे. उद्या त्याच्या घरी जाऊन अंगावरचं घेईन.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज एक गोष्ट बघितली ती लिहितो.

साडेअकराच्या सुमारास उम्म नासिर बाजारातून आली. बरोबर कुणी नाही. डोक्यावर झाकलेलं ताट, दोन्ही हातांनी धरलेलं. माझ्या दुकानावरून पुढं गेली आणि कोपऱ्यावरून आपल्या घराकडे न वळता सरळ सालिमच्या दारात गेली. मी काम टाकून उभा राहिलो. ह्या दारात तिला मी कधी बघितलेलं नाही.

दार सालिमच्या बायकोनं उघडलं. दोघी तशाच उभ्या. मग आतून सालिमच्या आईचा आवाज आला, कोण आहे म्हणून. उम्म नासिरनं आपलं नाव सांगितलं. उम्म नासिर असं नाही सांगितलं, माहेरचं नाव सांगितलं, झुवैना. मग म्हातारी भिंत धरत धरत स्वतः दारापर्यंत आली. हात पुढं करून चाचपडत होती. उम्म नासिरनं ताट खाली ठेवलं आणि तिचे हात धरले. दोघी आत गेल्या. दार लागलं.

जुहरची अजान झाली तरी ती बाहेर आली नव्हती. मी नमाजहून परतलो तेव्हाही ताटावरचा रुमाल तिथं चौकटीजवळच पडलेला होता. सव्वादोनला ती निघाली. रडलेली दिसत होती, पण चालत होती ती एखाद्या पोरीसारखी, भराभर. मी दारातच होतो. तिनं माझ्याकडं बघून छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. मी पण हलवली.

बराच विचार केला, ती कशाला गेली असेल? माझ्यासाठीच गेली असणार. मागची खोली पाडू नका, त्याला राहू द्या, असं विनवायला. सालिमच्या आईपाशी शब्द टाकला की सालिम ऐकेल, म्हणून. नवऱ्याची जागा गेली, घराची नाचक्की झाली, ज्याच्यामुळं झाली त्याच्याचसाठी ही बाई तीस वर्षांत न चढलेली पायरी चढली. रडून आली. मला लाजेनं काही सुचेना.

उद्या सकाळी तिच्याकडं जाऊन सांगणार आहे: माझ्यासाठी कुणापुढं हात जोडू नका, माझी घालाला सोय झाली आहे.